रिकाम्या खोलीचा पंधरवडा

खोली रिकामी पडली की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. राजुरीपासून आळेफाट्यापर्यंत रस्त्याच्या कडेला ज्यांनी ज्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, ते सगळे याच काळजीने पछाडलेले. भाडेकरूने सामान बांधायला घेतलं की हे दुसरा शोधायला बाहेर पडलेच म्हणून समजा. कुशाबाईचं मात्र सगळं उलटं. तिच्या चार खोल्यांपैकी चौथी रिकामी व्हायला आली की तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढायचं की तिची धाकटी जाऊ गोजरबाई विचारायची, "अक्का, म्हायेरचं कोन येनार हाय का?"

कुणी येणार नसायचं. कुणीच येणार नसायचं, त्याचाच तर आनंद होता.

या खोल्या आल्या कुठून ते आधी सांगायला हवं. कुशाबाईचा नवरा रखमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ सयाजी यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा बागायत निम्मी निम्मी झाली, आणि रस्त्याकडेचा मुरमाड तुकडा रखमाजीच्या पदरात पडला. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. पुढे फाट्यावर बँका आल्या, दवाखाने आले, बाहेरगावचे नोकरदार जागा शोधत हिंडू लागले. तेव्हा, शहाण्णव साली, रखमाजीने त्या मुरमावर एका ओळीत चार खोल्या उभ्या केल्या. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, प्रत्येकीला एक खिडकी आणि पुढे सलग ओटा. शेताची वाटणी झाली तरी घराची झाली नव्हती. गावातल्या एकाच घरात दोन्ही भावांची मिळून बारा माणसं राहत होती, आणि त्या घराला पुढचं आणि मागचं सोडलं तर दार म्हणून नव्हतं.

खोल्यांचा कारभार कुशाबाईकडे आला तो रखमाजीच्या भिडस्तपणामुळे. कुणाला नाही म्हणायचं झालं की या माणसाला घाम फुटे. पहिल्याच महिन्यात त्याने एकच खोली दोघांना कबूल केली होती. तेव्हापासून किल्ल्या कुशाबाईच्या कमरेला लागल्या, आणि त्या तिथे शोभूनही दिसल्या.

भाडेकरू पारखायची तिची एक रीत होती. आलेल्या माणसाला ती खोलीत एकटं सोडायची आणि आपण ओट्यावर बसायची. जो लगेच बाहेर येऊन पाणी किती वाजता येतं ते विचारी, त्याला पहिल्या तिनांतली एखादी. जो जरा आत रेंगाळे, खिडकी उघडून बघे, त्याला चौथी. ही चौथी खोली टोकाची. तिच्या मावळतीच्या खिडकीतून बाजरीची रानं दिसत, आणि आभाळ स्वच्छ असलं तर त्यापलीकडे लांब, निळसर, असून नसल्यासारखे डोंगर. त्या खिडकीची किंमत कळणारा माणूस खोली नीट ठेवतो असं ती म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. त्या खोलीत तिलाही राहायचं असायचं.

ते सुरू झालं सत्त्याण्णवच्या भाद्रपदात. चौथ्या खोलीतला पहिला भाडेकरू, एक कंपाउंडर, बदली होऊन निघून गेला आणि दुसऱ्याच दिवशी पित्रं लागली. पित्रांच्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नव्या जागेत पाऊल टाकत नाही, नवी चूल मांडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे खोली पंधरा दिवस तशीच राहणार. रखमाजी हळहळला. कुशाबाई दुपारी झाडू, चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन एकटीच गेली.

बाहेर वारा होता. धूळ आत येऊ नये म्हणून तिने दार लोटलं, ते राहीना म्हणून आतून कडी घातली. आणि कडीवर हात तसाच ठेवून उभी राहिली. तिच्या ध्यानात आलं की आपण आजवर आतून कडी घातलेलीच नाही. माहेरी पिंपरी पेंढारला दहा माणसांत वाढलो, इथे बारा माणसांत नांदलो. झोपायची जागा कुठली, तर कणगी आणि मागच्या दाराच्या मधली, जिथून पहाटे गोठ्याकडे जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जायचा. लग्नाची पहिली रात्रसुद्धा सासूच्या खोकल्याच्या साथीने गेली होती. कडी असते ती गोठ्याच्या दाराला, बायकांनी स्वतःसाठी घालायला नाही, एवढंच तिला माहीत होतं.

तिने चुन्याची बादली कोपऱ्यात सारली आणि फरशीवर आडवी झाली. गार फरशी पाठीला लागली. शेजारच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावला होता, गाण्यातले शब्द कळत नव्हते, नुसता सूर भिंतीतून झिरपत होता. खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता आणि तो तिच्या पायाकडून सावकाश वर सरकत होता. तो गुडघ्यापर्यंत आला तोवर तिला झोप लागली होती. कुणाच्या हाकेची वाट न बघता लागलेली ती झोप. जागी झाली तेव्हा क्षणभर तिला आपण कुठे आहोत ते कळेना, आणि आपण कोण आहोत तेही. ती भ्याली नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती डोळे मिटून तशीच पडून राहिली, जरा वेळ कुणीच नसल्यासारखी.

त्यानंतर ते पंधरा दिवस ती रोज गेली. सकाळी घरातलं सगळं आवरायचं, ज्या दिवशी सासऱ्यांचं पित्र त्या दिवशी खीर, वडे, कढी, पाच भाज्या सगळं रांधायचं, कावळ्याने घास उचलेपर्यंत अंगणात ताटकळायचं. आणि दीडच्या सुमाराला "खोलीला चुना मारायचाय" म्हणून निघायचं. एका खोलीला चुना मारायला पंधरा दिवस कसे लागतात, हे कुणी विचारलं नाही. बायका काम करायला निघाल्या की कुठे, कशाला, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. पाचला परत, कारण ऊस दाट झाला होता आणि दिवेलागणीनंतर त्या वाटेला बिबट्याची भीती.

मग तिने गणित बसवलं, आणि ते असं बसवलं की एखाद्या वकिलाने तोंडात बोट घालावं. चौथी खोली ती घटस्थापनेलाच द्यायची. करार सगळ्यांचाच अकरा महिन्यांचा. घटस्थापनेला दिलेली खोली अकरा महिन्यांनी बरोबर पित्रांच्या तोंडावर रिकामी होते. अधिक महिना आला की गणित विसकटायचं. त्या साली ती भाडेकरूला मोठ्या मनाने म्हणायची, "ऱ्हा की अजून एक म्हयना, कुटं घाई हाय!" आणि पित्रं लागण्याआधी चार दिवस मात्र त्याचं काही ऐकायची नाही. कुणी मधेच जागा विचारायला आलंच तर ठरलेलं उत्तर तयार असे. "पित्रं चालू हायेत पावणं, पंदरा दिसांनी या." लोक म्हणत, काय शास्त्र पाळते बाई! देवळातल्या बायकांत तिचं उदाहरण देत.

दर वर्षी त्या खोलीत ती वेगळी बाई असायची. हा तिचा खेळ होता, आणि तो तिने कुणाला, अगदी स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितला नव्हता. एका साली ती शाळेतली बाई होती, भिंतीवर बोटाने अक्षरं काढायची. एका साली ती आहुप्याच्या डोंगरातून खाली आलेली, वैदूगिरी जाणणारी कुणी होती, आणि खिडकीतल्या त्या निळ्या रेघेकडे बघून तिला त्या न पाहिलेल्या गावाची आठवण यायची. देवराईतली झाडं, त्यांच्याखालचा ओला अंधार, तिथे लाकूड तोडत नाहीत म्हणतात, सगळं तिला दिसायचं. एका साली ती कुणाचीच कुणी नव्हती. ना सून, ना आई, ना जाऊ. नुसती खोली नंबर चारमधली बाई. ते साल तिला सगळ्यांत आवडलं होतं.

हळूहळू त्या पंधरा दिवसांत तिचं सामानही जमायला लागलं. एक चटई, एक आरसा, वातीचा छोटा स्टो, कान तुटलेला एक कप. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते सगळं पोत्यात भरून ती मोरीवरच्या माळ्यावर टाकायची, आणि कमरेच्या किल्ल्या वाजवत गंभीर चेहऱ्याने नव्या भाडेकरूची वाट बघायची.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी, दोन हजार तीनच्या श्रावणात, जिनेश आला.

जिनेश म्हणजे फाट्यावरच्या रमणलाल शेठचा नातू. शेठचं कापडाचं दुकान, आणि रखमाजीच्या घरातल्या तीन पिढ्यांचे लग्नाचे बस्ते तिथलेच. नातवाला कापडात रस नव्हता. त्याने दुकानाच्या बाजूला काचेचं दार लावून ऑफिस थाटलं होतं आणि लोकांच्या खोल्या, फ्लॅट भाड्याने लावून द्यायचा, सांभाळायचा धंदा सुरू केला होता. पोरगा गोड होता. आल्याआल्या वाकून पाया पडला.

"काकू, तुमच्या चारी खोल्या मला सांभाळायला द्या," तो म्हणाला. "तीन वर्षांचा करार करू. भाडेकरू मी आणणार, नळ गळला, वायर जळली, सगळं मी बघणार. तुम्ही दोघांनी निवांत बसायचं. आणि एक शब्द देतो. माझ्याकडची खोली एक दिवससुद्धा रिकामी राहत नाही. सकाळी एक गेला की संध्याकाळी दुसरा आत."

रखमाजीचा चेहरा खुलला. कुणाला नाही म्हणायची वेळच यायला नको, याहून त्याला काय हवं होतं? कुशाबाईच्या हातातली चहाची बशी कलंडली आणि चहा लुगड्यावर सांडला. एक दिवससुद्धा नाही. तिला वाटलं, हे पोरगं हसत हसत आपल्या तोंडचा घास पळवतंय.

पण नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? काय सांगायचं? की मला वर्षातून पंधरा दिवस कडी घालून निजायला लागतं? हसले असते सगळे. तिने मान हलवली आणि एवढंच म्हणाली, "पित्रं होऊ दे. घटस्थापनेला कर सुरू."

"त्यात काय!" रखमाजी म्हणाला, आणि हातात हात मिळाले.

म्हणजे हा शेवटचा पंधरवडा. भाद्रपद आला, चौथ्या खोलीतली बँकेतली जोडी सामान घेऊन गेली, आणि पौर्णिमा सरल्यावर कुशाबाई दुपारी खोलीत आली तेव्हा तिचे पाय जड झाले होते. तिने माळ्यावरचं पोतं खाली काढलं. चटई पसरली, आरसा खिळ्याला लावला. यंदा कोण व्हायचं ते सुचेना. पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. भिंतीवर त्या जोडीच्या लेकराच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, ती त्यांवरून बोट फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी तिला रडू आलं, आणि कडी घातलेली असल्यामुळे ते तिने पुरतं रडून घेतलं. तेही एक सुखच होतं. घरात रडायचं तर चुलीच्या धुराचं निमित्त लागायचं.

तिसऱ्या दिवशी मात्र खोलीने तिला पुन्हा जवळ घेतलं. वारा पडला होता. बाजरीवर पाखरं उतरल्याचा लांबून येणारा गलका, शेजारी कुणीतरी लावलेल्या कुकरची शिटी, पत्र्याचा मधूनच येणारा कडकड आवाज. तिने दोन घोट चहा करून घेतला आणि पडली. डोळा लागता लागता तिला वाटलं की खोली हळूच सुटली आहे. बाजूच्या तीन खोल्यांपासून, रस्त्यापासून, गावापासून, आणि बाजरीवरून तरंगत त्या निळ्या रेघेकडे चालली आहे. आत आपण एकट्या. कुणाला निरोप द्यायचा राहिलेला नाही. खाली शेतं मागे पडतायत, माणसं बारीक होतायत, आणि आपल्याला कसलीच घाई नाही.

दार वाजलं.

"काकू? कुणी आहे का आत?" जिनेशचा आवाज. पाठोपाठ रखमाजीचा, "कडी आतून कशी काय? कोन हाय रं?"

कुशाबाई उठून बसली. सामान लपवायला वेळ नव्हता, आणि लपवणार कुठे? तिने पदर सारखा केला आणि कडी काढली.

दारात दोघं उभे. जिनेशच्या हातात करारकागदांची फाईल आणि नवं कुलूप.

"तू आता कसा?" ती म्हणाली. "पित्रं चालू हायेत की."

जिनेशने हात जोडले. "काकू, आम्ही जैन. आमच्यात पित्रं नसतात. आमचं पर्युषण आटोपलं, आता आम्हाला सगळे दिवस सारखेच. म्हटलं, पंधरा दिवस खोली पडून कशाला ठेवायची? दवाखान्यातल्या एक सिस्टर आहेत, त्यांनाही चालतं. उद्याच येतायत. नानांना विचारलं, नाना हो म्हणाले."

नाना म्हणजे रखमाजी, तो हो म्हणणारच. कुशाबाई बघतच राहिली. सहा वर्षं तिने ज्या भिंतीआड आपला पंधरवडा जपला होता, ती भिंत फक्त आपल्याच लोकांना दिसते, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. या पोराच्या लेखी ती भिंत नव्हतीच.

जिनेशची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. चटई, आरसा, स्टो, कप. "इथे कुणी राहतंय का काकू? तुम्ही कुणाला दिलीय?"

रखमाजीही बघत होता. कप त्याने ओळखला. घरातला होता तो, दोन वर्षांपूर्वी हरवलेला.

सांगता आलं असतं काहीही. चुना मारायला आले, ऊन लागलं, पडले जरा. जिभेवर होतंच. पण दोन क्षणांपूर्वी ती बाजरीवरून जात होती, आणि तिथून इतक्या लवकर खोटं बोलायला उतरणं तिला जमलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "ऱ्हातंय."

"कोण?"

"मी."

जिनेश शहाणा पोरगा. त्याने एकदा काकूकडे, एकदा नानांकडे बघितलं, फाईल मिटली. "मग मी तीनच खोल्यांचे कागद करतो," तो हळू म्हणाला. "सिस्टरसाठी दुसरीकडे बघतो," आणि मोटारसायकल सुरू न करताच ती ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेला.

रखमाजी ओट्यावर टेकला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

"सात वर्सं झाली. पित्रात फकस्त. दुपारचं."

"कशापाई पर? आमच्या घरात तुला काय कमी व्हतं?"

"कमी न्हाई वो," कुशाबाई म्हणाली. "लई व्हतं. मानसं लई व्हती. मला तुमी नको असं न्हाई. पोरं नको, जाऊ नको, असं न्हाई. पर तीस वर्सं झाली मी वाटंत निजते. येनारा जानारा वलांडून जातो. मला एक दार पायजे व्हतं, जे मी लावलं तरच लागंल."

रखमाजीला राग आला होता की लाज वाटली होती, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. तो उठला, टोपी घातली, आणि घराकडे चालू लागला. मागे वळून त्याने एकदाही बघितलं नाही.

गावाला कळायचं ते कळलंच. गोजरबाई म्हणाली, "अक्कांना घर न्हाई का?" सयाजी म्हणाला, लोकं शेण घालतील तोंडात. देवळातल्या बायकांनी तिचं उदाहरण देणं बंद केलं. शास्त्र पाळणाऱ्या बाईनेच पित्रांत चूल मांडली म्हणजे काय! पंधरवडा असा गेला की कुशाबाई रोज घरचं सगळं करी, आणि दीडला कुणालाही निमित्त न सांगता निघे. चुन्याची बादली आता न्यावी लागत नव्हती. रखमाजी तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला बसे, ताटाकडे बघून उठे. ते तिला फार लागे. दुपारी कडी घालून पडली तरी खोली जागची हलत नसे. फरशी नुसती फरशी राही. तिला वाटे, आपण दार मिळवलं आणि त्याच्या आतलं सगळं घालवून बसलो.

पित्रं संपली. घट बसले. तीन खोल्या जिनेशने भरल्या, चौथीचं काय ते कुणीच बोललं नाही. कुशाबाईने आरसा खाली काढला नाही, एवढंच.

तिसऱ्या माळेची दुपार होती. ती खिडकीशी बसून झेंडूची फुलं ओवत होती. ओट्यावर पायताणं काढल्याचा आवाज आला. मग खाकरल्याचा. आणि मग दारावर टकटक झाली, इतकी हलकी, की वाजवणाऱ्याला आयुष्यात कधी दार वाजवायची सवय नव्हती हे लगेच कळावं.

"कोन हाय?" तिने विचारलं.

आपल्या बायकोने आपल्याला कोण म्हणून विचारावं, हे त्या माणसाला नवीन होतं.

"मी," तो म्हणाला. आणि तेवढ्याने भागणार नाही असं वाटून पुढे म्हणाला, "रखमाजी."

कुशाबाई उठली. दाराशी आली. कडीवर हात ठेवला.

"कुशे," बाहेरून आवाज आला, "आत येऊ का?"

ती जागच्या जागी थांबली. तिने डोळे मिटले. तीस वर्षांत तिला लोकांनी काय काय विचारलं होतं. भाकरी झाली का, दूध काढलं का, किल्ली कुठे आहे, पोरगं का रडतंय. हे कुणीही, कधीही विचारलं नव्हतं. तिने शब्द न् शब्द ऐकला होता. तरी ती दाराला कान लावून म्हणाली,

"काय म्हनलात?"

बाहेरच्या माणसाने पुन्हा एकदा खाकरून घेतलं, आणि शेजारच्या तिन्ही खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात परत विचारलं.